काका, खटका आणि खटखट: डिक्शनरी स्लो का होते?

आजचा भाग कोडवर आहे, पण स्क्रीन समोर असायची गरज नाही. बसमध्ये असाल, इअरफोन लावून भाजी घेत असाल, तरी चालेल. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून टाकलाय. बोललो तसंच जवळपास ठेवलंय, फक्त 'म्हणजे' थोडे कमी केलेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. डिक्शनरीतल्या 'की'ला मी आज चावी म्हणणार आहे. बोलताना 'की' ठीक वाटतं, पण लिहिल्यावर 'की सापडली की की परत द्यायची' असलं काहीतरी होतं आणि वाचणारा पळून जातो.

तर, डिक्शनरी. पायथनमध्ये डिक्ट, जावात हॅशमॅप, डॉट नेटमध्ये डिक्शनरी, जावास्क्रिप्टमध्ये मॅप. बी.टेक.ला डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरसाठी आम्ही सगळ्यांनी एक वाक्य पाठ केलं होतं: हॅश टेबलमध्ये शोधायला ओ ऑफ वन वेळ लागतो. नोंदी दहा असोत नाहीतर दहा लाख, वेळ तेवढाच. इंटरव्ह्यूमध्ये तेच विचारतात, आपण तेच सांगतो, नोकरी लागते. त्या वाक्यात दोन अटी लपलेल्या आहेत, त्या मात्र कुणी विचारत नाही. एक, हॅश नीट पसरलेला हवा. दोन, 'या दोन चाव्या सारख्या आहेत का' हे ठरवायला लागणारा वेळ नगण्य हवा. पहिल्या अटीवर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. दुसरीवर फार कमी बोललं जातं, आणि प्रोग्राम मरतो तो बऱ्याचदा दुसरीमुळे, किंवा दोन्ही एकत्र मोडल्यामुळे.

आत काय चालतं ते पोस्टमनच्या भाषेत सांगतो. पत्र आलं की पिनकोड वाचतात आणि ते एका भागाच्या पिशवीत पडतं. पिनकोड म्हणजे तुमचा हॅश. पण पिनकोडवरून घर सापडत नाही. पिशवी उघडल्यावर नाव वाचावंच लागतं. नाव वाचून 'हो, हेच ते' म्हणणं ही झाली तुलना. पिशवीत एकच पत्र असेल तर एका नजरेत काम होतं. अख्ख्या शहराचं टपाल एकाच पिशवीत कोंबलं, तर पोस्टमन एकेक नाव वाचत बसणार. आणि प्रत्येक नाव वाचायला त्याला चष्मा शोधावा लागत असेल, तर मग बघायलाच नको.

पायथन इथे थोडी हुशारी करतो. आधी बघतो, मेमरीतली वस्तू तीच आहे का? असेल तर काम संपलं. नसेल तर साठवलेला हॅश जुळतो का बघतो. तो जुळला तरच खरी तुलना करतो, म्हणजे तुम्ही लिहिलेलं इक्वल्सचं फंक्शन बोलावतो. म्हणून नुसत्या स्ट्रिंग आणि आकडे चाव्या म्हणून वापरले, तर सहसा काही त्रास होत नाही. त्रास सुरू होतो आपण तुलनेत स्वतःची अक्कल घातली की.

यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण जावातलं आहे. जावात यूआरएल नावाचा क्लास आहे, पहिल्यापासून. दोन यूआरएल सारख्या आहेत का असं विचारलं, तर तो होस्टच्या नावाचा आयपी पत्ता शोधायला जातो. म्हणजे डीएनएस. म्हणजे नेटवर्क. तुम्ही हॅशमॅपमध्ये यूआरएल चावी म्हणून टाकली, तर शोधताना तुमचा प्रोग्राम इंटरनेटवर जाऊन विचारून येऊ शकतो! वर, एकाच सर्व्हरवर दोन वेगळ्या वेबसाइट असतील तर त्यांचे होस्ट 'सारखे' ठरू शकतात. हे लपवलेलं नाही, जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सरळ लिहिलंय की ही तुलना थांबून राहू शकते. उपायही साधा आहे, चावीसाठी यूआरआय नावाचा दुसरा क्लास वापरा, तो नुसता मजकूर जुळवतो. पण मला त्यातली गंमत अशी वाटते की कोड वाचून हे कुणालाच कळणार नाही. ओळ दिसते तशीच साधी: मॅपमधून काढ.

डॉट नेटवाल्यांचा असाच एक जुना त्रास आहे. स्वतःचा स्ट्रक्ट चावी म्हणून वापरला आणि त्याची तुलना कशी करायची ते लिहिलं नाही, तर फ्रेमवर्क आपली सर्वसाधारण पद्धत वापरतं. त्यात बॉक्सिंग होतं, म्हणजे दर तुलनेला मेमरीत नवी वस्तू तयार होते, आणि बऱ्याच वेळा रिफ्लेक्शनने एकेक फील्ड तपासलं जातं. आयइक्वेटेबल लिहायला पाच मिनिटं लागतात. लिहा.

आणि रोज दिसणारा प्रकार म्हणजे शोधायच्या आधी दर वेळी लोअर करणं. पायथन काय, जावा काय, स्ट्रिंगचा हॅश एकदा काढला की त्या वस्तूबरोबर साठवून ठेवतात, दुसऱ्यांदा फुकट. पण लोअर केलं की नवी स्ट्रिंग जन्माला येते. नवी मेमरी, नवा हॅश, आणि वस्तू वेगळी असल्यामुळे 'तीच आहे का' हा शॉर्टकटही गेला. आपल्या मराठी नावांवर तर हे करणं म्हणजे कमाल आहे, कारण देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नसतंच. पायथनचा लोअर सगळी अक्षरं इमानदारीत तपासतो, नवी स्ट्रिंग बनवतो, आणि आतला मजकूर जसाच्या तसा परत देतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे डिक्शनरी असूनही तिच्यावर फॉर लूप चालवणं, 'प्रत्येक चावी लोअर करून बघ, जुळते का'. तेव्हा तुमच्याकडे डिक्शनरी नाही, यादी आहे. यादीवर तुलना किती महाग पडते त्याचा किस्सा गेम खेळणाऱ्यांना माहीत असेल. २०२१ मध्ये टी-झिरो-एस-टी या नावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रामरने जीटीए ऑनलाइन लोड व्हायला एवढा वेळ का लागतो ते शोधून काढलं. गेम सुरू होताना १० एमबीची एक जेसन फाइल वाचायचा, त्यात ६३ हजारांच्या आसपास वस्तू. प्रत्येक वस्तू आत घेण्याआधी ती आधीच आलीय का हे बघायला तो सगळी यादी पहिल्यापासून तपासायचा. हिशोब केला तर १९८ कोटींच्या वर तपासण्या. आणि गंमत म्हणजे त्या फाइलमध्ये सगळ्या वस्तू वेगवेगळ्याच होत्या! फाइल वाचायच्या पद्धतीतही दुसरा एक घोळ होता. दोन्ही काढल्यावर त्याच्या कॉम्प्युटरवर सहा मिनिटांचं लोडिंग दोन मिनिटांच्या आत आलं. रॉकस्टारने त्याला १०,००० डॉलर दिले. काय राव, आपल्याला कुणी दहा हजार रुपये देत नाही.

आता शीर्षकातल्या काकांकडे येऊ.

जावात स्ट्रिंगचा हॅश कसा काढायचा हे ठरलेलं आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या अक्षराचा युनिकोड आकडा घ्या, ३१ ने गुणा, पुढच्या अक्षराचा मिळवा, परत ३१ ने गुणा, असं शेवटपर्यंत. इंग्रजी पुस्तकांत याचं एक घिसंपिटं उदाहरण असतं, पण मी म्हटलं आपल्या अक्षरांवर करून बघू. 'क'चा आकडा २३२५, कान्याचा २३६६. तर 'का' म्हणजे २३२५ गुणिले ३१ अधिक २३६६, उत्तर ७४४४१. आता 'खट' घ्या. 'ख' २३२६, 'ट' २३३५. २३२६ गुणिले ३१ अधिक २३३५. उत्तर ७४४४१. तेच! कारण 'ख' हा 'क'च्या एक पुढे आहे, आणि 'ट' हा कान्याच्या बरोबर ३१ मागे.

म्हणजे 'का'च्या जागी 'खट' टाकलं तरी हॅश हलत नाही. मग 'काका', 'खटका' आणि 'खटखट' या तिघांचा हॅश एकच: ७१६१२२४२. मोबाइलवर जावा चालवायची सोय असेल तर बघा करून. 'गा' आणि 'घट', 'जा' आणि 'झट', 'बा' आणि 'भट', या जोड्यासुद्धा अशाच. मला हे सापडलं तेव्हा मी तासभर हाच उद्योग करत बसलो होतो, ऑफिसचं काम बाजूला ठेवून.

हा नुसता खेळ नाही. 'का' किंवा 'खट' असे सोळा तुकडे जोडून ६५,५३६ वेगवेगळे शब्द बनतात, सगळ्यांचा हॅश एक. ते एका साध्या हॅश टेबलमध्ये टाकले तर प्रत्येक नवीन शब्दाला आधीच्या सगळ्यांशी तुलना करावी लागते. एकूण २१४ कोटींच्या वर तुलना. आणि वेब सर्व्हर काय करतो? तुम्ही फॉर्म भरून पाठवला की त्यातली सगळी नावं आपोआप हॅश टेबलमध्ये भरतो. म्हणजे कुणीही मुद्दाम असा फॉर्म बनवून पाठवला तर सर्व्हर तुलना करत बसणार आणि बाकीच्या लोकांचं पान उघडणार नाही. राइस युनिव्हर्सिटीच्या स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलाक यांनी २००३ मध्येच हा धोका लिहून ठेवला होता. पर्लवाल्यांनी ऐकलं. बाकीच्यांनी डिसेंबर २०११ मध्ये ऐकलं, जेव्हा बर्लिनच्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी पीएचपी, जावा, पायथन, एएसपी डॉट नेट अशा सगळ्यांवर हे करून दाखवलं. मग धावपळ झाली. पीएचपीने फॉर्ममधल्या व्हेरिएबल्सवर १,००० ची मर्यादा घातली. पायथनने ३.३ पासून स्ट्रिंगच्या हॅशमध्ये दर वेळी वेगळा गुप्त आकडा मिसळायला सुरुवात केली, पुढे ३.४ मध्ये सिपहॅश आणला. जावाने हॅशची व्याख्या बदलली नाही. ती बदलली असती तर जगभरचा जुना कोड मोडला असता. त्याऐवजी २०१४ मध्ये जावा ८ आलं तेव्हापासून एका कप्प्यात गर्दी झाली की त्या कप्प्याचं झाड केलं जातं, म्हणजे सगळ्यांना विचारायच्या ऐवजी डावीकडे-उजवीकडे करत पोचता येतं.

ही सगळी संरक्षणं स्ट्रिंगसाठी आहेत. तुम्ही स्वतःचा क्लास बनवून त्याचा हॅश स्वतः लिहिलात तर सिपहॅश तुमच्यापर्यंत पोचतच नाही. जावाचं झाडसुद्धा तुमच्या क्लासला लहान-मोठं असा क्रम असेल तरच नीट उपयोगी पडतं. म्हणजे बाहेरून हल्ला करायला कुणी लागत नाही, घरातलाच माणूस पुरतो. आता तसाच एक किस्सा.

शहागंजात, घड्याळाच्या टॉवरपासून फार लांब नाही, एक किराणा-मसाल्याचं ठोक दुकान आहे. आम्ही मालकांना शेठच म्हणतो. मी त्याच भागात वाढलो, त्यामुळे 'तू कॉम्प्युटरवाला ना' म्हणून बोलावणं आलं. तक्रार अशी होती की संध्याकाळी उधारीची यादी काढायला घेतली की चहा सांगायचा, चहा प्यायचा, कप परत जायचा, तरी यादी यायची नाही. सॉफ्टवेअर कुणीतरी बनवून दिलेलं, पायथनमधलं. मुनीमजींनी वैतागून परत लाल कापडाची वही काढली होती, आणि आता अर्धी उधारी वहीत, अर्धी कॉम्प्युटरमध्ये. सणासुदीच्या तोंडावर ही अवस्था म्हणजे धंद्याला खरंच धोका. कुणाकडून किती येणं आहे हेच माहीत नसेल तर पुढचा माल कशाच्या जोरावर उचलायचा?

कोड उघडला. लिहिणारा माणूस अडाणी नव्हता, उलट विचारी होता. त्याला माहीत होतं की एकाच ग्राहकाचं नाव बिलावर दहा तऱ्हांनी पडतं. म्हणून त्याने ग्राहक नावाचा क्लास केला, आणि त्याच्या इक्वल्समध्ये सगळं घातलं: स्पेस काढा, लोअर करा, युनिकोड सारखा करा, आणि एखाद्या अक्षराचा फरक असेल तर सोडून द्या, सारखं म्हणा. आता नियम असा आहे की दोन वस्तू सारख्या असतील तर त्यांचा हॅश सारखाच असला पाहिजे. नावाचा हॅश घेतला तर एक अक्षर बदललं तरी हॅश बदलणार. मग त्याने हॅशसाठी काय घेतलं? शहर. फक्त शहराचं नाव.

नियम पाळला गेला. पण दुकान शहागंजात आहे हो! बहुतेक ग्राहक याच शहरातले. सगळ्यांचा हॅश एक. सहा हजार ग्राहक धरले तर यादी नुसती मेमरीत भरताना १ कोटी ७९ लाख ९७ हजार तुलना. आणि प्रत्येक तुलना म्हणजे ती सगळी साफसफाई, दोन्ही नावांची. एका तुलनेला पाच मायक्रोसेकंद जरी धरले तरी दीड मिनिट झालं, आणि पायथनमध्ये एवढं सगळं पाच मायक्रोसेकंदांत होत नाही.

हे शोधायला काही जादू लागली नाही. इक्वल्सच्या आत एक मोजणारी ओळ टाकली आणि शेवटी आकडा छापला. प्रोफायलरही हेच सांगतो, पण मला आकडा आवडतो. आकडा ग्राहकांच्या संख्येच्या आसपास असेल तर ठीक. कोटीत गेला तर तुमचा हॅश झोपलाय.

यात आणखी एक वळण होतं. मुनीमजी म्हणाले, 'मध्ये एकदा हे आपोआप फास्ट झालं होतं.' मी म्हटलं, कधी? म्हणाले, शहराचं नाव बदललं त्या वर्षी. २०२३. फेब्रुवारीत शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, सप्टेंबरात जिल्ह्याचं. त्यानंतर नवीन बिलांवर नवीन नाव, जुन्या बिलांवर जुनं. म्हणजे आधी एक हॅश होता, आता दोन झाले. तीन-तीन हजारांचे दोन गट पडले तर तुलना जवळपास निम्म्यावर येतात. प्रोग्रामला वेग आला, कुणीही काहीही न करता.

आणि त्याच दिवसापासून प्रत्येक जुना ग्राहक दोनदा दिसायला लागला. कारण इक्वल्स शहर बघतच नव्हतं, त्याच्या मते दोघे एकच. पण हॅश वेगळे असल्यामुळे इक्वल्सला कुणी विचारलंच नाही. मार्चमधली उधारी एका खात्यावर, नोव्हेंबरमधली जमा दुसऱ्या खात्यावर. ज्याने पैसे भरले त्याच्याकडे तगादा. धाराशिव आणि अहिल्यानगरच्या व्यापाऱ्यांच्या नोंदींतही तेच. नाव ही गोष्ट बदलते, दोन ठिकाणी एकच नाव असू शकतं (औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे), म्हणून नावावर हॅश टांगू नये. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला आकडी कोड दिलेला असतो, तो याचसाठी.

मग मी नावांकडे वळलो, आणि इथे मराठीची खास भानगड आहे. मराठीत टाइप करणाऱ्या प्रत्येकाने ही ऐकावी.

'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. स्क्रीनवर एकसारखं दिसणारं हे नाव तीन तऱ्हांनी साठवलं जाऊ शकतं. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ह. एकूण आठ युनिकोड आकडे. दोन, साधा 'र', त्याखाली नुक्ता, मग हलन्त. नऊ आकडे. तीन, साधा 'र', हलन्त, आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. हेही नऊ. तीन कीबोर्ड, तीन चाव्या. पहिल्या दोन सारख्या आहेत हे युनिकोडला माहीत आहे, एनएफसी नावाचं नॉर्मलायझेशन केलं की दोन्हींची एक होते. तिसरी मात्र एनएफसी हलवत नाही.

मग लोक काय करतात? न दिसणारी अक्षरं सरसकट उडवून देतात. इंग्रजी ब्लॉगवर हाच सल्ला असतो. मराठीत असं केलंत तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. शेठच्या दुकानात तर त्याहून वाईट. लग्नाचा स्वयंपाक करणारे आचारी त्यांचे मोठे ग्राहक. 'आचाऱ्यांची उधारी' यातला जॉइनर उडाला की ती 'आचार्यांची उधारी' होते! मठातल्या आचार्यांनी पन्नास किलो गरम मसाला कशाला नेला असेल? बरोबर नियम असा की र, हलन्त, जॉइनर हे तिघे ओळीने दिसले तर त्यांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त ठेवायचा.

'ॲप' शब्दाचंही तसंच. युनिकोडमध्ये 'ॲ' हे अक्षर २००८ मध्ये, ५.१ व्हर्जनला आलं. त्याआधीची सवय म्हणून कुणी 'अ'वर चंद्र काढतो, कुणी 'ऍ' वापरतो. या तिघांना एनएफसी एक मानत नाही, तो नियम तुम्हालाच लिहावा लागतो. आकड्यांचंही बघा: पिनकोड कुणी मराठी आकड्यांत टाकतो, कुणी इंग्रजी. आकडा म्हणून पायथन दोन्ही सारखेच वाचतो, पण स्ट्रिंग म्हणून चावी केली तर दोन वेगळ्या चाव्या.

हे सगळं नियमात बसतं, एका नावाला एकदा लावलं की संपलं. त्या कोडमधली जी गोष्ट नियमात बसत नव्हती ती म्हणजे 'एका अक्षराचा फरक चालेल'. काळे आणि कोळे यांच्यात एका खुणेचा फरक, म्हणून सारखे. कोळे आणि कोळी, परत एकाचाच, सारखे. पण काळे आणि कोळी यांच्यात दोन फरक, म्हणून वेगळे. म्हणजे अ आणि ब सारखे, ब आणि क सारखे, पण अ आणि क वेगळे. डिक्शनरीला असली तुलना चालत नाही. कोळे आधी आला तर बाकीचे दोघेही त्याच्यात विरघळतात, काळे आधी आला तर कोळी वेगळा उरतो. तीच फाइल, फक्त ओळी वर-खाली केल्या, तर ग्राहकांची संख्या बदलते. हा वेगाचा प्रश्न नाही, हा उधारीचा प्रश्न आहे. पण आला त्याच ठिकाणाहून: दोन माणसं एकच आहेत का, हा निर्णय तुलनेच्या आत लपवला होता.

मुनीमजींची वही बघितली तर त्यात याचं उत्तर कधीपासूनच होतं. रोजकीर्दीत दर नोंदीपुढे एक छोटा रकाना असतो, खा.पा., म्हणजे खाते पान. कॉमर्सवाल्यांना माहीत असेल. ग्राहक दारात आला की मुनीमजी एकदाच ठरवतात, हा कोण. मग खतावणीतल्या त्याच्या पानाचा नंबर लिहितात. पुढची सगळी बेरीज, वजाबाकी, तगादा त्या पान नंबरावर. नाव परत कुणी जुळवत नाही. महिनाअखेरीला दोन पानं एकच निघाली तर एक पान दुसऱ्यात मिळवतात, तेही एकदाच, हाताने, शाईने.

आम्ही कोडमध्ये तेच केलं. नाव आत येतानाच साफ करायचं: स्पेस, एनएफसी, 'ऱ'चा नियम, 'ॲ'चा नियम, आकडे एका लिपीत. ही साफ केलेली स्ट्रिंग आणि मोबाइल नंबर मिळून एक साधी डिक्शनरी, तिचं उत्तर म्हणजे खाते नंबर. पुढे सगळीकडे फक्त खाते नंबर. आकड्याचा हॅश काढायला काही लागत नाही, तुलनेला तर त्याहून कमी. ग्राहक क्लासचं इक्वल्स पूर्ण काढून टाकलं. शहराचं नाव बिलावर छापण्यापुरतं राहिलं. यादी आता बटण दाबल्यावर येते, चहा सांगायला वेळ मिळत नाही, अशी तक्रार दुकानातल्या पोराने केलीय.

एका अक्षराच्या फरकाचं काय केलं? ते डिक्शनरीतून बाहेर काढलं. महिन्यातून एकदा एक वेगळा प्रोग्राम चालतो, तो जवळपास सारखी नावं शोधतो आणि कागदावर छापतो. स्वतः काही जोडत नाही. तो चालायला वेळ लागतो, लागू दे, रात्री चालतो.

पहिल्या वेळी तो कागद घेऊन मी मुनीमजींच्या शेजारी बसलो. त्यांनी पेन काढलं आणि एकेका जोडीवर खुणा करत गेले. हा एकच. हा एकच. हे दोघे चुलतभाऊ, वेगळे ठेव. हा एकच, पण पोराने दुकान वेगळं काढलंय, तर आता वेगळा. यातलं शेवटचं उत्तर कुठल्या इक्वल्समध्ये कसं लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही, तुम्हाला सुचलं तर कळवा.